फळी मोडण्यापूर्वी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत व्यायामाचा विषय निघाला की जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावे ओघाने येतातच. ज्या घरी पुस्तकांचे कपाट टिकून आहे तेथे मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा एखादा तरी खंड निघतो. त्यामुळे आपल्या व्यायामविद्येचे माहेर बडोदेच, असा आम्हां बडोदेकरांचा एक गोड समज असतो. त्या समजाला धक्का न लावता सांगतो, की तिचे एक आजोळही आहे, आणि ते आजच्या कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे आहे.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व काही त्यात आहे, तसा मल्लांचाही एक अध्याय आहे. मल्लाने करावयाचे श्रम त्याने नावानिशी सांगितले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबाशी करावयाचा स्तंभश्रम. मल्लखांबाचा माग काढणारे येथपर्यंत येऊन थांबतात. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा नावारूपास आणली, ते त्यानंतर सुमारे सात शतकांनी. योगायोग असा, की कल्याणीचा हा ग्रंथ छापला गेला आपल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. श्रीगोंदेकरांनी संपादिलेले त्याचे तीन भाग १९२५ ते १९६१ या काळात बाहेर पडले.

हे सारे आठवण्याचे कारण निराळे आहे. बसवकल्याणच्या शेजारच्या भालकी तालुक्यात माझी आक्का दिलेली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. नंतर उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले आणि भालकी, औराद, बसवकल्याण तिकडे राहिले. घरात मराठी, बाजारात कानडी आणि टांग्याच्या अड्ड्यावर दखनी, अशी तेथली जुनी रीत. आक्काचा मुलगा कराटे शिकतो आणि गल्लीतल्या पोरांना शिकवतोही. कराट्यात मुठीने लाकडी फळी मोडून दाखवण्याची एक कसोटी असते. पोरांना बाकी सारे नको असते, एवढे मात्र हवे असते.

आणि येथेच धोका आहे. गुलबर्गा जिल्हा (२०१४ पासून त्याचे नाव कलबुर्गी) म्हणजे शहाबादी फरशीचे घर. आपल्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षे जी निळसर राखी फरशी आहे ती तिकडचीच. खाणीकडे तिचे तुकडे रस्त्यावर पडलेले असतात, आणि फळी मिळाली नाही की पोरे त्या तुकड्यांवर हात आजमावतात. जत्रेत छातीवर फरशी ठेवून घणाने फोडणारा मनुष्य त्यांनी पाहिलेला असतो. मोबाईलवर तर रोजच कोणी ना कोणी विटा फोडत असतो. वाढत्या वयात हाडांची टोके पक्की झालेली नसतात. मुठीच्या करंगळीकडचे हाड आधीच बारीक, तेच पहिल्याने मोडते. अशा हाताने पुढे पेनही नीट धरवत नाही.

माझ्या भाच्याने यावर उपदेश केला नाही. त्याने सुतार गाठला.

शहरात फळी धरण्याचे तयार सांगाडे मिळतात, पुन्हा पुन्हा जोडता येणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्याही मिळतात. पण त्यांची किंमत तिकडच्या शेतकऱ्याच्या पोराला झेपणारी नाही. तेव्हा सुताराने दाराच्या चौकटीसारखा एक सांगाडा बाभळीच्या लाकडाचा केला. दोन्ही उभ्या खांबांना आतून पट्टी मारली, तिच्यावर फळीच्या कडा टेकतात. खाली आडवी पट्टी आहे, ती खुंट्यांवर वरखाली सरकते, म्हणजे लहानमोठ्या मुलांच्या छातीच्या उंचीला फळी आणता येते. मागून तिरपे टेकू, आणि पायांवर वाळूची दोन पोती. पोती कशाला, असे मी विचारले. भाचा म्हणाला, “मामा, चौकट हलली की निम्मा जोर हलण्यातच जातो बगा. फळी मोडत नाही, आन् मग उरलेला जोर माघारी हातातच येतो.” न मोडलेली फळीच हात मोडते, हे सूत्र मला त्या एका वाक्यात कळले. १९७९ साली अमेरिकेतील तिघा संशोधकांनी कराट्याच्या प्रहाराचे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात तरबेज माणसाच्या मुठीचा वेग सेकंदाला दहा मीटरच्याही वर भरला होता. एवढा वेग माघारी येणे काही गमतीचे नव्हे.

फळीची निवड हे सुताराचे राज्य. सागवान महाग आणि कठीण; आंब्याच्या फळीत तंतू पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले, ती सरळ चिरत नाही. त्याने यंत्रांच्या खोक्यांतून येणारे पाइनचे हलके लाकूड निवडले. फूटभर लांबरुंद, सहा सूत जाड, कोरडी आणि बिनगाठीची फळी. तिचे तंतू खांबांना समांतर, म्हणजे उभेच हवेत, तरच ती मधोमध चिरते. तीच फळी आडवी फिरवली तर भल्याभल्यांचा हात परत येतो. लहानांसाठी फळी पातळ करायची, अरुंद मात्र करायची नाही. मधले अंतर कमी झाले की ती वाकायची थांबते आणि पातळ असूनही जड जाते. हे गणित पुस्तकातही सापडते, पण सुताराला ते रंध्यातून ठाऊक होते.

तरीही या चौकटीपाशी पोहोचायला पोरांना काही महिने लागतात. आधी भिंतीवर टांगलेले गोणपाटाचे पोते. त्यात पहिल्याने सरकी, पुढे सरकीत वाळू मिसळत जायची. नंतर अंगणात पुरलेला खांब: खाली जाड, वर निमुळता, आणि छातीच्या उंचीवर अंबाडीची दोरी घट्ट गुंडाळलेली. जपानात याला माकिवारा म्हणतात, तेथे भाताच्या काडाची दोरी असते. खांब किंचित मागे लवला पाहिजे. लवला नाही तर तो खांब नव्हे, भिंत. त्यापुढे भाच्याची स्वतःची युक्ती आहे. फळीचे दोन अर्ध शेजारी ठेवून मागच्या बाजूने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून स्क्रूने बसवल्या आहेत. ठोसा लागला की सांधा उघडतो आणि पुन्हा मिटतो. दोन पट्ट्यांनी सुरुवात, महिन्याला एक वाढवायची. सहा पट्ट्या उघडू लागल्या की खरी फळी.

पोते, खांब आणि शेवटी कसोटी, हा क्रम पाहून मला मानसोल्लासातले श्रम आठवले. तिकडच्या जत्रांत वाळूचे पोते उचलण्याच्या शर्यती अजून लागतात. कानडीत त्याला उसुकिन चीला म्हणतात. भाच्याने सोमेश्वराचे नावही ऐकलेले नव्हते, आणि त्याला त्यावाचून काही अडलेलेही नाही. मी कल्याणीच्या राजाची गोष्ट सांगितली तेव्हा पोरांनी ती सभ्यपणे ऐकली, आणि त्यांतल्या एकाने, राजा स्वतः फळी मोडत असे काय, एवढेच विचारले.

मला सर्वांत आवडले ते हे, की या साहित्यात लपवाछपवी नाही. पट्ट्या चार आहेत की सहा, हे सर्वांना दिसते. पोरगा फुशारकी मारू शकत नाही आणि घाबरूनही राहत नाही. सोळा वर्षांखालच्या कोणालाही भाचा खरी फळी देत नाही. त्यावरून एका पालकाने त्याच्याशी भांडणही काढले, कारण शेजारच्या गावातला पोरगा म्हणे दहाव्या वर्षी कौले फोडतो. भाच्याने त्यांना चहा पाजला आणि फळी मात्र दिली नाही.

जवळच्या एका जुन्या तालमीने आता तसाच सांगाडा मागितला आहे. तेथे कुस्तीची पोरे कमी झाली आहेत, जागा रिकामी आहे आणि वस्तादांची हरकत नाही. सुताराने बाभळीचे लाकूड बाजूला काढून ठेवले आहे. पेरणी उरकल्यावर देतो म्हणाला. तोवर त्याच्या हातात तिफणींची कामे आहेत.