बारामती-इंदापुरास किती दिवस राहावें?

कोणत्याहि जुन्या गांवीं जावयाचें ठरलें कीं घरांत पहिला वाद निघतो तो मुक्कामाचा. यजमानांस रजा एका दिवसाची, मुलांना परीक्षेची घाई, आणि वडील माणसांची इच्छा मात्र अशी कीं, इतक्या लांब जावयाचेंच तर देवापुढें घटकाभर स्वस्थ बसावयास मिळावें. या वादाचा निकाल हल्लीं बहुधा मोटारच लावते. पुण्याहून बारामती सुमारें १०० किलोमीटर. सकाळीं निघून मोरगांवचा मयूरेश्वर, दुपारीं बारामती, तिसऱ्या प्रहरीं इंदापुरावरून नीरा-नरसिंहपूर आणि रात्रीं परत घरीं, हा बेत कागदावर सहज बसतो, आणि पारहि पडतो. आम्हांला या बेताविरुद्धच लिहावयाचें आहे.

बारामतीचें नांव आज ऊंस, साखर व विद्यालयें यांमुळें सर्वांच्या तोंडीं आहे. जुनी बारामती कऱ्हेच्या कांठीं आहे. तेथें बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा आहे. हें घराणें सावकारीचें. पेशवेहि त्यांचे ऋणको होते. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई बाबूजींचे बंधु आबाजी यांस दिली होती. असें असूनहि १७४० सालीं थोरले बाजीराव वारले तेव्हां बाबूजींनीं स्वतःच पेशवाईची मागणी केली. रघूजी भोसले त्यांच्या पाठीशीं होते. परंतु शाहूमहाराजांनीं वस्त्रें नानासाहेबांसच दिलीं. सोयरीक आणि कर्ज एकाच घराशीं जडलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको!

याच नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत येथें राहिले. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले पंत तरुणपणीं बारामतीस आले, ते १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत येथलेच होऊन गेले. 'आर्याभारत' व 'केकावलि' त्यांचींच. रामायणें तर त्यांनीं एकशेआठ रचिलीं अशी प्रसिद्धि आहे. आतां, वाडा, नदीकांठचीं देवळें आणि पंतांचें स्मारक पाहण्यास दोन तासहि लागत नाहींत. म्हणून येथें राहण्याचें कारण नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत नेमकें उलट आहे. ज्या कुटुंबांत आजीला 'केकावली'चे कांहीं श्लोक अजून पाठ आहेत, त्या कुटुंबानें येथें एक संध्याकाळ अवश्य काढावी. तिन्हीसांजेला नदीकांठीं आजीनें ते म्हणावे व नातवंडांनीं ऐकावे. पुण्याच्या घरीं ही गोष्ट घडत नाहीं, आणि ज्यांना ते पाठ आहेत अशा आजी आतां थोड्याच उरल्या आहेत. दुपारच्या दोन तासांत दगडमाती दिसेल. हें मात्र साधणार नाहीं.

आपल्या जुन्या रीतींतहि रात्रीचेंच माप आहे. मनूनें एक रात्र राहणाऱ्या ब्राह्मणास अतिथि म्हटलें आहे. आषाढी वारींत तुकोबांची पालखी पुण्यास दोन रात्री राहते, बारामतीस एक. पुढें काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें आणि मजल दरमजल करीत पालखी इंदापुरास पोहोंचते. मोटारीच्या तासाभराच्या वाटेस तिला तीन-चार दिवस लागतात.

इंदापुरास मात्र मुक्काम न केला तरी चालेल. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांना येथल्याच लढाईंत मरण आलें असें मानतात. गांवांत त्यांच्या नांवाची गढी आहे. ती सावकाश पाहावी आणि पुढें निघावें.

दुसरी रात्र नीरा-नरसिंहपुरास असावी. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील हा लक्ष्मीनृसिंह अनेक ब्राह्मण घराण्यांचें कुलदैवत आहे. मंदिराच्या उभारणीशीं विंचूरकरांचें नांव निगडित आहे. सायंकाळीं धांवतपळत दर्शन घेऊन परतणाऱ्यांस कुलाचार कसा साधावा? अभिषेक सकाळचा, त्यास स्नान संगमाचें. म्हणजे आदले रात्रीं तेथें असणें ओघानेंच आलें. वृद्धांस तर पहांटे चार वाजतां पुण्याहून निघणें हीच शिक्षा. कोणा परिचितांकडे उतरणार असाल तर घरच्या गृहिणीस आठ दिवस आधीं, माणसें किती व मुक्काम किती हें स्पष्ट लिहावें; 'बघूं, जमलें तर राहूं' या मोघम निरोपाचा सारा भार तिच्याच चुलीवर पडतो.

दोन रात्री, तीन दिवस. एवढे पुरेत असें आम्ही समजतों. ज्यांना एकच रात्र काढतां येते त्यांनीं कुलदैवत असल्यास ती नरसिंहपुरास द्यावी, नसल्यास बारामतीस.

ऋतूचा विचारहि व्हावा. वैशाखांत नृसिंहजयंतीस नरसिंहपुरीं मोठी गर्दी असते. परतीची वाट सोलापूर रस्त्यानें घेतल्यास उजवीकडे उजनी धरणाचें पाणी लागतें. धरण १९८० सालीं पुरें झालें आणि भीमाकांठचीं अनेक गांवें त्यांत बुडालीं. जुन्या पळसदेवाचें देऊळहि पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी फार आटलें कीं तें पुन्हा वर येतें, आणि उठून गेलेले गांवकरी त्याच्या दर्शनास जातात. हिंवाळ्यांत याच पाण्यावर भिगवणाजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एकाच फेरींत दोन्ही पाहण्याचा योग बहुधा येत नाहीं. देवळासाठीं जाणाऱ्यांनीं पाणी किती उतरलें आहे याची चौकशी निघण्यापूर्वीं करावी.