होडीच्या लाकडाचे अस्तर

लाकडी होडीच्या रंगाचे पापुद्रे निघू लागले की दोष बहुधा वरच्या रंगाला दिला जातो; प्रत्यक्षात बिघाड त्याच्याखालच्या प्रायमरमध्ये, म्हणजे लाकूड आणि रंग यांना सांधणाऱ्या अस्तरात असतो. हे अस्तर एका बाजूने लाकडाशी आणि दुसऱ्या बाजूने वरच्या रंगाशी जुळावे लागते, आणि या दोन्ही गोष्टी दुकानातल्या डब्यावरच्या ‘मरीन’ या एका शब्दाने साधत नाहीत.

लाकूड ओलावा घेऊन फुगते आणि वाळताना आकसते. फळ्या जोडून बांधलेल्या जुन्या होडीत ही हालचाल प्रत्येक सांध्यापाशी होत असल्याने तेथे अल्किड प्रकारचा, म्हणजे तेल आणि कृत्रिम राळ यांपासून केलेला एकाच डब्यातला प्रायमर बरा, कारण तो थोडाफार ताणला जातो. राळ आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर पाणी अधिक चांगले अडवतो, पण तो कडक असल्यामुळे हलत्या सांध्यांवर तडकतो आणि त्या भेगांतून शिरलेले पाणी आत अडकून लाकूड कुजवू शकते. प्लायवूडची किंवा इपॉक्सीने चिकटवलेली होडी मात्र फारशी हलत नाही, म्हणून तिला इपॉक्सीच योग्य. महागडे अस्तर जुन्या होडीला अपायकारक ठरावे, हे गिऱ्हाइकाला सहजी पटत नाही.

वरच्या रंगाशी जुळण्याचा प्रश्न मुख्यतः द्रावकाचा, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवाचा आहे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील तीव्र द्रावक खालच्या अल्किड थराला मऊ करून सुरकुत्या पाडतात. उलट पूर्ण वाळलेल्या आणि पॉलिश पेपरने घासलेल्या इपॉक्सीवर साधा तैलरंग सहसा टिकतो. मात्र इपॉक्सीच्या पृष्ठभागावर कधीकधी येणारा मेणचट अमाइनचा थर आधी पाण्याने धुवावा लागतो, कारण त्याच्यावर तैलरंग दीर्घकाळ चिकट राहतो. जुना थर कोणता हे ठाऊक नसेल तर नव्या रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर काही मिनिटे ठेवावी. थर मऊ झाला वा सुरकुतला तर त्यावर दोन घटकांचा रंग चढवू नये.

सागवान स्वभावतः तेलकट असल्याने प्रायमर लावण्याच्या थोडे आधी ते द्रावकाने पुसतात. सगळ्यांत अवघड अट ओलाव्याची. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 15 टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणजे रंगकामाला सवड मिळते ती नेमकी हवा सर्वाधिक दमट असताना. तेव्हा ओल्या फळीवर कोणतेही अस्तर लावले तरी पुढे उन्हात आतली वाफ त्याला फोड आणते, म्हणून शक्य असेल तेथे हे काम एप्रिल-मेमध्येच उरकणे शहाणपणाचे.