अंगणातली केळ आणि कपाशीचे विष

चंद्रपूर-बल्लारपूरच्या कामगार वसाहती घ्या, नाहीतर आरमोरी-अहेरीकडची कौलारू घरे घ्या. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे केळ हमखास दिसते. पूर्वी ती खाण्याची केळ असे. आता रोपवाटिकांतून शोभेच्या केळीही आपल्या घरी आल्या आहेत. कुणाकडे तांबड्या पानांची, कुणाकडे मूळची ईशान्य भारतातली, गुलाबी लवदार फळांची बुटकी केळ. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दारात हिरवे काही दिसावे, एवढीच त्यामागची हौस.

आमच्याही परसात अशा दोन केळी होत्या. एका पावसाळ्यात साध्या वाऱ्याने त्यातली एक मधोमध मोडून पडली. खोड चिरून पाहिले तर आत बोगदे आणि त्यात पांढऱ्या गुबगुबीत अळ्या. दुसरी तरी वाचावी म्हणून आमच्या थोरल्या भावांनी गावाकडून कपाशीच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली आणली. बाटली ओट्यावर ठेवून आम्ही पंप मागायला शेजारी गेलो. परत येऊन पाहतो तर घरातला चार वर्षांचा पोरगा त्या बाटलीचे झाकण घेऊन मातीत खेळतो आहे! कपडे काढून त्याला साबणाने आंघोळ घातली, बाटलीसकट दवाखान्यात नेले. सुदैवाने काही झाले नाही. पण त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. चूक पोराची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून आम्ही एक गाठ मारली आहे. शेतातले विष घराच्या दारात आणायचे नाही. दोन-चार केळींसाठी त्याची गरजही नसते, हे आता अनुभवाने सांगतो.

हे औषध नव्हे, विष

आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, तिथेच फसतो. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ती सारी आपल्यासारखीच राबणारी माणसे होती. केळीच्या बुडाशी टाकायचे फोरेटचे दाणे आणि घराघरात वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. कुणाच्या कोनाड्यात जुना डबा पडून असेल तर तो वापरू नका.

बाटलीवर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळी त्याखालची, मग निळी आणि शेवटी हिरवी. हिरवी खूण म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नका. शिवाय केळ शोभेची असली तरी चार पाहुणे आले की आपण तिचेच पान जेवायला तोडतो. त्या पानावर काय फवारले, हे ताटावर बसणाऱ्याला कसे कळणार?

खोड का मोडते?

आमची केळ मोडली ती खोडातल्या सोंडकिड्यामुळे. हा काळा किंवा तांबूस, लांब सोंडेचा भुंगा खोडाच्या सोपटात अंडी घालतो. अळी आतून खोड पोखरते. बाहेरून बारीक छिद्रे दिसतात आणि त्यातून डिंकासारखा चिकट रस गळतो. हा रस दिसला की समजावे, चोर आत शिरला. त्याचाच एक भाऊबंद जमिनीखालचा कंद पोखरतो. तेव्हा केळ वाढत नाही, पाने बारीक होतात आणि हलक्या धक्क्याने झाड उपटते.

यावर उपाय स्वच्छतेचा. वाळलेली पाने आणि सुटलेली सोपटे दर महिन्याला काढावीत, कारण भुंगा त्यांच्याआडच लपतो. पोखरलेले खोड बुडापासून तोडून, त्याचे तुकडे करून कडक उन्हात वाळवावे. लग्नाच्या मांडवाला बांधलेले केळीचे खांब कार्य उरकल्यावर परसात कुजत ठेवू नयेत. कापलेल्या खोडाच्या वासाने भुंगे येतात आणि त्यातच त्यांची पुढची पिढी वाढते.

हाच वास वापरून भुंगा पकडताही येतो. हात-दीड हात लांबीचा खोडाचा तुकडा उभा चिरावा आणि चिरलेली बाजू जमिनीकडे करून संध्याकाळी केळीजवळ ठेवावा. रात्री भुंगे त्याखाली जमतात. सकाळी उचलून साबणाच्या पाण्यात टाकावेत. आठवड्याने तुकडा बदलावा आणि जुना वाळवून टाकावा. आमची दुसरी केळ अशीच वाचली.

नवीन मुनवे लावताना कंदावरची माती आणि मुळ्या काढून वरची साल कोयत्याने पातळ सोलावी. आत काळे बोगदे दिसले तर ते मुनवे लावू नये. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या मुनव्याबरोबरच कीड घरी येते.

मावा, पिठ्या आणि कोळी

मुंग्यांची रांग केळीवर चढताना दिसली तर पोंग्यात आणि देठाच्या खोबणीत पाहावे. तिथे तपकिरी मावा असतो. तो रस शोषतो, गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि त्यावर काजळी धरते. पांढरा कापसासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. दोन्हींना ओल्या फडक्याने पुसून काढावे किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे. मग एक लिटर पाण्यात चमचाभर पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. कपड्याची पावडर वापरू नये, पाने करपतात. आधी एकाच पानावर करून दुसऱ्या दिवशी पाहावे, मग साऱ्या झाडावर.

मावा नुसता रस पीत नाही, रोगही पसरवतो. २०२० साली जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीवर काकडीचा मोझॅक हा विषाणूरोग पसरला होता. हा रोग काकडी, भोपळा अशा वेलांवरही राहतो आणि कपाशीवरचा मावा तो वाहून नेतो. म्हणून केळीवर काकडीचा वेल चढवू नये. पानांवर पिवळे पट्टे आले, किंवा नवी पाने आखूड, ताठ आणि एका जागी गुच्छ होऊन निघू लागली, तर झाड कंदासकट काढावे. विषाणूवर कोणतीही फवारणी चालत नाही. जीव तुटतो, पण बाकीच्या केळी वाचतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या कोरड्या दिवसांत पानांखाली लाल कोळी होतात. पान तांबूस-मळकट पडते आणि खाली बारीक जाळी दिसते. रोज सकाळी पानांच्या खालून पाणी मारले की ते हटतात. मात्र नुसत्या कडा करपल्या असतील तर ते उन्हाने, आणि पाने चिरली असतील तर ती वाऱ्याने. त्यासाठी फवारणी करून पैसे घालवू नयेत. सावली आणि पाणी द्यावे.

निंबोळीचा अर्क

आपल्या भागात कडुनिंबाला तोटा नाही. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडा साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावे. पाने खाणाऱ्या लहान अळ्या आणि मावा यांना तो पुरतो. मोठ्या अळ्या हाताने वेचाव्यात. केसाळ अळीला मात्र उघडा हात लावू नये, खाज सुटते. ठिपकेदार ढाल किडे दिसले तर त्यांना राहू द्या. ते मावा खातात, आपलेच सोबती आहेत.

एवढे करूनही कीड हटली नाही, तर दुकानदाराला विचारण्याआधी किडलेले पान किंवा खोडाचा तुकडा पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला आणि गडचिरोलीत सोनापूरला अशी केंद्रे आहेत.

आणि घरात शेतीचे विष ठेवावेच लागत असेल तर ते कुलपात ठेवा, पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. कुणाला चक्कर, मळमळ, अंधारी असे काही झाले तर विषाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

आमची वाचलेली केळ आता वेलीहून उंच झाली आहे, तिची दोन मुनवे वस्तीत गेली आहेत. तो पोरगा आता शाळेत जातो. रोज सकाळी खोडाचा तुकडा उलटून भुंगे मोजण्याचे काम त्याच्याकडेच आहे.