पापणीला शेक देणारं यंत्र

डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, आणि मधूनच घळाघळा पाणीही येतं. डॉक्टर सांगतात, डोळे कोरडे पडलेत. पाणी गाळणारा डोळा कोरडा कसा, हे पेशंटला काही केल्या पटत नाही. अश्रूंच्या थरावर तेलाची अतिशय पातळ साय असावी लागते. ती विरळ झाली की पाणी भराभर उडून जातं, डोळा जळजळतो आणि त्या जळजळीपायीच पुन्हा पाणी सुटतं.

हे तेल पापण्यांच्या आत तयार होतं. वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी अशा उभ्या, बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं पापणीच्या काठाला, केसांच्या लगेच मागे उघडतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी मिटली की त्यांतून कणभर तेल बाहेर पडतं. निरोगी माणसात हे तेल साधारण ३२ अंश सेल्सिअसला पातळ होतं आणि पापणीची ऊब त्याला पुरते. ग्रंथी बिघडल्या की तेलाची घडण बदलते, त्याला दोन-तीन अंश जास्त लागतात, आणि थंडीत बरणीतलं तूप थिजावं तसं ते नळीतच थिजून बसतं. स्क्रीनकडे टक लावून बसणाऱ्याच्या पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे तेल बाहेर ढकललं जाणंही कमी होतं.

इलाज शेकाचा, आणि तो आपल्याला नवा नाही. रांजणवाडी झाली की घरातली म्हातारी माणसं पदराचा बोळा करून त्यात तोंडाची वाफ सोडत आणि तो डोळ्यावर धरत. दिशा बरोबर होती, पण ती ऊब काही क्षणांत निघून जायची. गरम पाण्यात पिळलेला रुमाल जरा बरा. तरी त्याचंही दोन मिनिटांत कोमट फडकं होतं. शिवाय ओली पापणी उघडी पडली की पाणी उडताना ती पुन्हा गार पडते. शेक नीट लागायचा तर दर दोन मिनिटांनी रुमाल बदलायला हवा. रोज, आठवडेच्या आठवडे हे कोण करणार? घरगुती यंत्राची गरज इथे सुरू होते.

यंत्र बनवणाऱ्यापुढचं कोडं मोठं अवघड आहे. थिजलेलं तेल सुटायला पापणीची आतली बाजू ४० अंशांच्या आसपास यावी लागते. ऊब मात्र बाहेरून द्यायची, आणि मधल्या स्नायूतलं रक्त ती सतत वाहून नेतं. म्हणून बाहेर थोडं जास्त तापवायचं. पण पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये प्रयोगांती दाखवलं की कातडी भाजायला ४४ अंशांना सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना मात्र पाचेक सेकंद पुरतात. म्हणजे ४० च्या खाली उपयोग नाही आणि ४५ च्या वर जायचं नाही. एवढ्या अरुंद वाटेवर यंत्राने निदान दहा मिनिटं चालायचं.

ही वाट जगभर वेगवेगळ्या रीतीने शोधली गेली. इंग्लंडमधले नेत्रतज्ज्ञ टायफी जेम्स यांनी जवसाची उशी केली; मायक्रोवेव्हमध्ये तापवायची आणि डोळ्यांवर ठेवायची. जपानमध्ये अझुकी या कडधान्याची अशीच उशी मिळते, दाण्यांतल्या ओलाव्याचीच वाफ होते. जपानच्याच काओ कंपनीच्या मास्कमध्ये लोखंडाची पूड असते. पाकीट फोडलं की तिला हवा लागते, ती गंजू लागते आणि त्या गंजण्याची उष्णता सुमारे ४० अंशांची वाफ देते. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेलं लिपीफ्लो तर पापणीच्या आतूनच ४२.५ अंशांची ऊब देतं आणि बाहेरून हलकं दाबतं. १२ मिनिटांत काम होतं, पण ते दवाखान्यातलं यंत्र.

घरच्या विजेच्या मास्कचं खरं कसब आत दडलेलं असतं. कापडाच्या दोन थरांमध्ये तापणारी पातळ फिल्म, तिला चिकटवलेला तांदळाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर म्हणजे तापमान मोजणारा मापक, आणि सगळं बिघडलं तरी प्रवाह तोडणारा थर्मल फ्यूज. थर्मिस्टर कुठे बसवला यावर सगळं ठरतं. नाकाच्या बाजूला मास्क थोडा उचललेला राहतो. तिथली उष्णता रक्त ओढून नेत नाही, म्हणून फिल्म तिथेच जास्त तापते. मापक मात्र पापणीला चिकटलेल्या गार भागात असेल, तर तो आणखी तापव म्हणूनच सांगत राहील. दोन्ही डोळ्यांना स्वतंत्र मापक हवा. मास्क तापेपर्यंतचा वेळही त्या दहा मिनिटांत धरू नये. आणि मास्कचा आकार घुमटासारखा हवा. तापलेल्या बुबुळावर दाब पडला की नजर काही वेळ धूसर होते, आणि बुबुळ आधीच पातळ असलेल्या माणसाला तो दाब धोक्याचा ठरू शकतो.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आपोआप बंद होणारं घड्याळ. डोळे मिटून ऊब घेणारा माणूस झोपी जाणारच, आणि झोपलेल्याला चटका उशिरा कळतो. काम संपलं की जे स्वतःहून थांबत नाही, ते यंत्र मी घरात ठेवणार नाही.

मास्क घ्यायचा असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. प्रत्येक कोरडा डोळा तेलाअभावी कोरडा नसतो. डोळा लाल होऊन ठणकत असेल किंवा पापणीवर नागीण उठली असेल तर स्वतःच्या मनाने शेकू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. आणि खोक्यावर तापमान अंशांत लिहिलंय का, ते वाचा. नुसतं ‘लो, मीडियम, हाय’ छापलेलं असेल, तर तो मास्क दुकानातच राहू द्या.