गुण नेमके कशाचे? विद्यापीठीय मूल्यमापनातील रुब्रिक

एकच निबंध दोन परीक्षकांनी तपासला तर गुणांत फरक पडतो, हे शिक्षणक्षेत्राला नवे नाही. मात्र तो फरक किती मोठा असू शकतो, हे पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’मध्ये केलेल्या १९६१ च्या अभ्यासाने दाखवून दिले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ३०० निबंधांची नऊ श्रेणींत प्रतवारी करण्याचे काम सहा वेगवेगळ्या क्षेत्रांतील ५३ वाचकांकडे सोपवले असता ९४ टक्के निबंधांना किमान सात भिन्न श्रेणी मिळाल्या, कारण कोणी विचारांना, कोणी मांडणीला, तर कोणी भाषेच्या शुद्धतेला अधिक वजन देत होते.

हे वजन आधीच उघडपणे ठरवून घेण्याचे साधन म्हणजे रुब्रिक. या तक्त्याच्या ओळींत निकष, स्तंभांत गुणवत्तेच्या पातळ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीचे काम कसे दिसते याचे वर्णन असते. हे निकष ठरतात ते अभ्यासक्रमाच्या अध्ययन निष्पत्तींवरून, म्हणजे पदवी घेताना विद्यार्थ्याला जे करता आले पाहिजे त्यावरून. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज’ने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हॅल्यू’ रुब्रिकांपैकी चिकित्सक विचारांच्या रुब्रिकात पाच निकष आणि चार पातळ्या आहेत. त्यातील पुराव्याच्या निकषावर तज्ज्ञांची मते निमूटपणे खरी मानणारा विद्यार्थी पहिल्या पातळीवर राहतो, तर तीच मते कसून तपासणारा चौथ्या पातळीवर पोहोचतो.

रुब्रिक घडवण्यातील खरी कसोटी या वर्णनांची असते. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘साधारण’ एवढेच लिहिले तर जुनी संदिग्धता नव्या चौकटीत तशीच राहते, आणि ‘किमान दहा संदर्भ’ अशी मोजदाद केली तर संदर्भांचा उपयोग कसा केला हे नजरेआड होते. वर्णने नेमकी असली तरी त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावू शकतो. म्हणून परीक्षकांनी काही नमुना उत्तरे स्वतंत्रपणे तपासून मतभेदांवर चर्चा करणे आणि गरजेनुसार शब्दरचना बदलणे आवश्यक ठरते.

भारत २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला, आणि राष्ट्रीय मान्यता मंडळाचे मानांकन घेणाऱ्या महाविद्यालयांना निष्पत्ती साध्य झाल्याचे पुरावे द्यावे लागतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मिळालेले एकूण गुण असा पुरावा म्हणून अपुरे पडतात, कारण आराखडा उत्तम आणि अहवाललेखन कच्चे असलेल्या विद्यार्थ्यांची बेरीज याच्या नेमक्या उलट असलेल्या विद्यार्थ्यांइतकीच भरू शकते. निकषवार नोंदी ठेवल्या आणि बहुसंख्य विद्यार्थी एकाच निकषावर मागे असल्याचे आढळले, तर दुरुस्ती अध्यापनात किंवा अभ्यासक्रमात करावी लागेल, असा निष्कर्ष काढता येतो.

केवळ मानांकन समितीच्या भेटीपुरते भरलेले तक्ते हे काम करू शकत नाहीत. रुब्रिक शिक्षकांनी एकत्र बसून घडवावे, प्रकल्प देतानाच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि दरवर्षीच्या अनुभवावरून सुधारावे, तरच त्याचा उपयोग होतो.