चकाचक टाकीतले आजारी मासे

दिवाळीच्या साफसफाईत माळे उतरतात, पंखे पुसले जातात आणि कुणाच्या तरी मनात येतं, माशांची टाकीही धुऊन काढू या. एका वर्षी मीही तेच केलं. गोल्डफिश बादलीत, खडी नळाखाली घासलेली, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळलेला आणि टाकीत काठोकाठ ताजं पाणी. पाडव्याला टाकी लखलखत होती. भाऊबीजेला मासे वर येऊन तोंडाने हवा गिळू लागले. दुकानदाराने निळं औषध दिलं, मी ते थेंब मोजून घातलं. तरी दोन मासे गेलेच.

स्पंजवरच्या ज्या तपकिरी सायीला मी घाण समजलो, ती जिवाणूंची वसाहत होती. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट करतात. ही दोन कामं दोन वेगळे गट करतात असं शतकभर मानलं जाई. २०१५ मध्ये दोन्ही एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या टाक्यांच्या फिल्टरमध्येच! ही वसाहत नव्याने जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती दहा मिनिटांत मोरीत सोडली होती. वर ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, उरल्यासुरल्या जिवाणूंनाही मारक. द्यायचंच तर वेगळ्या टबात द्यावं.

म्हणून मासा धापा टाकू लागला, पर मिटून कोपऱ्यात बसला, की औषधाच्या बाटलीआधी टेस्ट किट काढावं. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर खाणं एक-दोन दिवस बंद, हवेचे बुडबुडे वाढवायचे आणि रोज पाव ते तृतीयांश पाणी बदलायचं. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं आणि त्यात अँटी-क्लोरीन आधीच घातलेलं हवं. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहू शकत नाही. इथे मीठ कामाला येतं: त्यातलं क्लोराइड कल्ल्यांमध्ये नायट्राइटची वाट अडवतं. लिटरला एक ग्रॅम, आधी विरघळवून, हळूहळू. लोचसारख्या नाजूक माशांना आणि पाणवनस्पतींना मात्र जपून.

अमोनियाचा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दसपट होतो. मुंबईचं तलावांचं पाणी मृदू. सामू सावरून धरणारे क्षार त्यात कमी. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत सामू घसरत जातो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो. मग एक दिवस उत्साहाने सगळं पाणी बदललं, की सामू उसळतो आणि तळातल्या गाळातून वर येणारा अमोनिया एकाएकी विषारी होतो. जुनी, दुर्लक्षित टाकी म्हणूनच थोडी थोडीच ताजी करावी. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी भरणाऱ्यांचा प्रश्न उलटा: पाणी जड, सामू आधीच चढा, त्यामुळे तिथे थोडाही अमोनिया महागात पडतो.

दिवाळीनंतर पुण्या-नाशकात रात्री गार होऊ लागल्या, की माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके एका परजीवीचे. तो कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून पडून, फुटून, त्याची पिल्लं पाण्यात पोहू लागली की मरतो. हीटरने तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत नेलं तर हे चक्र झपाट्याने फिरतं आणि औषध चालवायचे दिवस कमी होतात. मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, तेव्हा बुडबुडे हवेतच. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो, हे डासांची कॉइल लावताना आठवावं. तिच्यातलं कीटकनाशक माशांना घातक.

यंदा साफसफाईत मी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळला आणि परत लावला. आई मागे उभी होती. म्हणाली, “अरे, मळकाच आहे की अजून!”