जुना वाडा घ्यावा की नाही?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्याबद्दल मात्र त्यांनी काही म्हणून ठेवलेले नाही. गावातले राहते घर त्या काळी सहसा कुणी विकत नसे, म्हणूनच तसे असावे. आता गावोगावी वाडे कुलूपबंद पडले आहेत. मालकांची मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली, आणि पारावर कुणीतरी सहज म्हणते, “गुरुजी, वाडा काढायचाय म्हणे. तुम्हीच घ्या की!” गुरुजींची निवृत्ती जवळ आलेली असते आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती यायची असते. ही रक्कम आयुष्यात एकदाच मिळते. तेव्हा ती मातीच्या भिंतींत घालण्याआधी थोडा विचार करू या.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा. आपण घर विकत घेतो आहोत की जागा? घर राहण्याजोगे करता येण्यासारखे नसेल, तर तुमच्या दृष्टीने त्याची किंमत म्हणजे जागेची किंमत, अधिक निघणाऱ्या सागवानाची आणि दगडांची किंमत, वजा पाडण्याचा आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च. विकणारा अर्थातच वाड्याची किंमत सांगतो. त्याच्या आजोबांनी किती हौसेने खांबांवर नक्षी करून घेतली, हेही सांगतो. ते सगळे ऐकावे, चहा घ्यावा, आणि हिशेब आपला आपण करावा.

आता भिंती. आपल्या देशावरच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद असतात, त्यामुळे त्या भक्कम वाटतात. पण पुष्कळ ठिकाणी ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरे, आणि मधल्या पोकळीत माती नि दगडगोटे असतात. दोन्ही तोंडांना सांधणारे लांब दगड मधूनमधून घातले नसतील, तर वर्षानुवर्षे पाणी मुरून ती एकमेकांपासून सुटतात. यालाच गवंडी ‘भिंतीला पोट सुटले’ म्हणतात. ओळंबा लावून पाहा. पोट सुटलेली भिंत लपत नाही. नुसता गिलावा करून ते बरे होत नाही. तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो.

यात जिवाशी गाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीचा भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक अशाच दगडमातीच्या घरांखाली सापडली. भिंती फाकल्या आणि माळवदे खाली आली. माळवदाचे वजन किती असते, हे गणित शिक्षकांनी मुलांना जरूर घालावे. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, वर फक्त एक फूट मातीचा थर, म्हणजे १२० घनफूट माती झाली. घनफुटाला ४५ किलो धरले तरी डोक्यावर ५,४०० किलो, म्हणजे पाच टनांहून जास्त वजन होते. शिवाय गळती लागली की वर आणखी माती टाकायची चाल असल्याने, जुन्या माळवदाचा थर एका फुटावर थांबत नाही. तेव्हा असे घर घेऊन ठेवायचेच असेल, तर आधी वरचा भार उतरवावा, भिंतींत सांधणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवावेत, कोपरे बांधून घ्यावेत आणि सर्व भिंतींना कवेत घेणारा एक सलग पट्टा द्यावा. किल्लारीनंतर पडझड झालेली घरे मजबूत करताना हेच उपाय सांगितले गेले. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर थेट स्लॅब टाकून मोकळे होणे मात्र मला दुरुस्ती वाटत नाही.

भेगांचे तसे नाही. प्रत्येक भेग भयंकर नसते. काळ्या मातीवरची घरे उन्हाळ्यात फाटतात आणि पावसाळ्यात मिटतात, कारण ती माती वाळून आकसते नि भिजून फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, खाली बारीक आणि वर रुंद होत गेलेली भेग दिसली, तर पाया खचला असावा असे समजावे. भेगेवर काचेची पातळ पट्टी चुन्याने नाहीतर सिमेंटने दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवा. काही महिन्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे.

लाकूड सहसा मध्यावर कुजत नाही. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते, तिथे ते आधी कुजते, कारण ओल तिथेच असते. तिथे टोच्या मारून पाहा. तो सहज आत गेला, तर वरचा रंगरोगण काय कामाचा? भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी घरात नांदते आहे. चांगले जुने सागवान मात्र अनेक वर्षे टिकते. केवळ घर जुने म्हणून ते मोडीत काढू नये.

आणखी एक सांगून ठेवतो. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतल्या आत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, हे खरे. नवी न्हाणी आणि संडासही मातीच्या भिंतीला चिकटवून करू नयेत.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण घर पडण्याआधी माणूस कागदातच पडतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून “हा घ्या मालकीचा पुरावा” असे सांगतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत त्या तयार झाल्या आहेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागच्या तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून तपासून घ्या. आणि साध्या स्टॅम्प कागदावर, नोटरीसमोर केलेल्या ‘खरेदी’वर विसंबू नका. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवावेच लागते.

सर्वांत जास्त भांडणे विसरलेल्या बहिणींवरून होतात. “त्यांची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध?” असे भाऊ म्हणतील. संबंध आहे. वडिलांच्या वाट्यात मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच हिस्सा होता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची झाली, आणि त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा सर्व बहिणींची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदलेले हक्कसोडपत्र हवे. पुढच्या खोलीत जुना भाडेकरू असेल, तर घर त्याच्यासकट मिळते. मालक बदलला म्हणून तो आपोआप निघत नाही.

पैशाचा हिशेब असा करा. समजा, घर दहा लाखांना मिळते आणि गवंडी चार लाखांत दुरुस्ती सांगतो. मी त्या चारांचे सहा धरीन, कारण फरशी उकरल्याशिवाय आणि छत उघडल्याशिवाय आतले दुखणे कळत नाही. शिवाय नोंदणीचा खर्च आहेच. सोळा-सतरा लाखांत त्याच गावात साधे, लहान, नवे घर होत असेल, तर वाड्यासाठी वेगळे कारण हवे. ऐसपैस अंगण, उन्हाळ्यातला गारवा, शाळेजवळची जागा ही कारणे खरी आहेत, फक्त ती घरातल्या सगळ्यांना पटलेली असावीत. विशेषतः रोज तो चौक झाडणार कोण, हे आधी ठरलेले बरे.

इसार देण्यापूर्वी निदान एक भरपावसातली फेरी करा. कोरड्या दिवसांत सगळीच घरे चांगली दिसतात. पाऊस पडत असताना चौकातले पाणी कुठे जाते, गल्लीतले पाणी उंबऱ्याशी येते का, पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडतात का, ते छत्री घेऊन उभे राहून पाहा. उन्हाळ्यातच व्यवहार ठरवावा लागला, तर इसार थोडा द्या, कागदपत्रे निर्वेध न निघाल्यास तो परत मिळेल अशी अट लेखी घाला, आणि खरेदीखताची मुदत पावसाळ्यानंतरची, दसऱ्याच्या सुमाराची ठेवा.